टब घ्यावा, पण मे महिन्यात विचार करून

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. वर्धा तिथून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर. अशा गारठ्यात पऱ्हाटी-तुराट्यांच्या जाळावर तापलेल्या हंड्याचे पाणी अंगावर घेतले की काय वाटते, हे वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. चूल मागे पडली, तांब्याचा बंब माळ्यावर गेला आणि न्हाणीत गीझर आला. (देशभरच्या गीझरांवर दिसणारे बजाज हे नाव वर्ध्याच्याच जमनालाल बजाज यांच्या घराण्याचे.) आता त्यापुढची पायरी, म्हणजे गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून राहायचा टब, मोबाइलवरून मागवता येतो. पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी स्थिरावलेली मुले नालवाडी, पिपरी मेघे, सावंगी मेघे भागात आई-वडिलांसाठी घर बांधायला निघाली, की नकाशावर बोट ठेवून हा विषय निघणारच.

तो निघाला की ‘हे श्रीमंतांचे चोचले’ म्हणून मोडीत काढायची घाई होते. ही घाई अन्यायाची आहे. कापसाच्या हंगामात दिवसचे दिवस वाकून वेचणी केलेल्या बाईची कंबर, चाळीस वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मास्तरांचे गुडघे, एसटीच्या स्टिअरिंगवर आखडलेले खांदे, या सगळ्यांना गरम पाण्याने आराम पडतो. छातीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच पडतो. उरलेला भार पाणी उचलते. ऊब स्नायू सैल करते, दुखणे काही काळ मागे हटते, झोप बरी लागते. संधिवात मुळापासून जात नाही हे खरे. पण साठी उलटलेल्या माणसाला रात्रीची चार तास सलग झोप मिळत असेल, तर तिला चैन म्हणणे योग्य नाही.

या टबाचा जन्मही चैनीतून झालेला नाही. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेले जकूझी बंधू आधी विमानाचे पंखे आणि पुढे शेतीच्या विहिरींचे पंप बनवत. त्यांच्यापैकी कँदिदो यांच्या मुलाला, केनेथला, अगदी लहानपणी संधिवात जडला. रुग्णालयात त्याला खळाळत्या गरम पाण्यात ठेवत. तोच उपचार घरी मिळावा म्हणून पंपांच्या या कारखान्याने साध्या आंघोळीच्या टबात बुडवून ठेवता येईल असा छोटा पंप बनवला आणि १९५६ च्या सुमारास तो बाजारात आणला. पंप आणि फवारे टबातच बसवलेले मॉडेल रॉय जकूझी यांनी १९६८ मध्ये आणले. हॉटेले, सिनेमे आणि जाहिराती नंतर आल्या. विहिरीच्या पंपाची ज्यांना रोजची ओळख आहे त्या वर्ध्याच्या शेतकऱ्याला हे यंत्र मुळीच परके नाही: टाकी, मोटार, गाळणी आणि तापवायची कॉइल.

टबात बसून उपचार घेण्याची गोष्ट वर्धा जिल्ह्यात तर जकूझींच्याही आधीपासून आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, आले. जर्मनीतल्या लाइपझिगच्या लुई कूने यांच्या जलोपचारावर त्यांचा दक्षिण आफ्रिकेपासून विश्वास होता. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तिकेत त्यांनी कटिस्नानाची रीत बारकाईने दिली आहे. तीस ते छत्तीस इंच लांबीचा टब पुरतो. पाणी माणूस बसल्यावर बाहेर सांडणार नाही इतकेच भरायचे. पाय आणि वरचे अंग कोरडे, बुडते ते फक्त पोट आणि कंबर. बसायचे पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. खास टब नसला तरी अडत नाही, हेही त्यांनी नोंदवले. त्यांचे पाणी थंड असे, रात्रभर मातीच्या माठात ठेवलेले. गरम पाणी आणि वाफ यांचा उपयोग ते संधिवातासारख्या दुखण्यांसाठी सांगत. निसर्गोपचार केंद्रांत आज त्याच बैठ्या टबात कोमट पाण्याचे कटिस्नानही देतात. १९४६ मध्ये गांधीजींनीच उरुळी कांचनला सुरू केलेला आणि मणिभाई देसाई यांनी वाढवलेला आश्रम ही परंपरा चालवतो आहे.

हा बैठा टब म्हणजे इतिहासाची शोभेची वस्तू नव्हे. वर्ध्यातल्या घराने गरम पाण्याच्या टबाकडे जायचा रस्ता इथूनच सुरू व्हावा, असे ठामपणे म्हणण्याजोगे आकडे आहेत.

कंबर बुडेल असा फायबरचा टब काही हजारांत मिळतो. त्याला तीन-चार बादल्या, म्हणजे सुमारे ४० लिटर पाणी लागते. हिवाळ्यात टाकीतले पाणी २० अंशांवर असेल आणि टबात ३८ अंशांचे हवे असेल, तर सौर हिटरचे ६० अंशांचे पाणी १८ लिटर आणि साधे २२ लिटर घेतले की काम झाले. म्हणजे कढत पाणी एक बादलीभर. पंधरा लिटरचा गीझरही जवळजवळ तेवढे देतो. दुखणे गुडघ्याचे असेल तर बैठा टब उपयोगाचा नाही, पोटऱ्या आणि गुडघे बुडतील अशी उंच बादली आणि शेजारी खुर्ची हवी. खर्च आणखी कमी. टब जमिनीवर टेकवू नये, वीतभर उंच ओट्यावर ठेवावा आणि भिंतीला स्टीलची दांडी पक्की बसवावी. ज्याचे गुडघे दुखतात त्याला खोलगट टबातून उठणे हेच सगळ्यात अवघड जाते, आणि ओल्या फरशीवर तोल गेला तर खुब्याचे हाड जायची भीती.

एक अख्खा हिवाळा हा प्रयोग व्हावा. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत घरातले माणूस आठवड्यातून तीन-चारदा खरोखर पाण्यात बसते का, हे तेव्हा कळते. बसत नसेल तर मोठा टब घेऊनही बसणार नाही. बसत असेल, त्याला बरे वाटत असेल आणि सगळे अंग बुडवायची ओढ लागली असेल, तर पुढच्या हिशेबाला अर्थ आहे.

तो हिशेब असा. चार-सहा माणसांच्या टबात हजार ते दीड हजार लिटर पाणी मावते. बाराशे लिटर धरू. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे. त्या मापाने हे पाणी एका माणसाचे जवळजवळ बावीस दिवसांचे झाले. ऐकून जीव दडपतो. पण इथे न्याय दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. आंघोळीचा साधा लांब टब दर वेळी दीडशे ते दोनशे लिटर पाणी घेतो आणि ते लगेच गटारात जाते. आठवड्यातून तीनदा वापरला तर महिन्याला दोन हजार लिटरच्या आसपास जातात. गरम पाण्याच्या टबातले पाणी मात्र गाळून, क्लोरीन घालून तीन महिने टिकवता येते. म्हणजे हिवाळाभर एक भरणा आणि अधूनमधून भर. पाण्याच्या नावाने बोट दाखवायचे असेल तर ते नव्या घरांतल्या त्या साध्या टबाकडे दाखवावे. त्याची चर्चा कुणी करत नाही.

अडचण पाण्याच्या मोजमापापेक्षा त्याच्या जातीत आहे. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकावर आहे आणि इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. गीझरची कॉइल काढून पाहिली तर तिच्यावर चढलेला पांढरा थर सगळे सांगून जातो. तोच थर टबाच्या हिटरवर, पंपात आणि फवाऱ्यांच्या बारीक तोंडांत बसतो. सौर हिटर घ्यायचा तर अशा पाण्याला तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पॅनेलपेक्षा काचनळ्यांचा प्रकार सोयीचा, कारण तो सहजासहजी तुंबत नाही. टबासाठी विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न फवारे किती हा नव्हे. पाण्याचा कठीणपणा किती असल्यास हमी लागू राहते, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे आणि बोअरच्या पाण्याची तपासणी स्वतः करून घ्यावी. धाम नदीचे नळाचे पाणी मिळत असेल तर टब त्यानेच भरावा.

विजेचे गणितही कागदावर मांडता येते. बाराशे लिटर पाणी २० अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला साधारण २५ युनिट लागतात. तीन किलोवॉटचा हिटर असला तरी आठ तासांवर काम, दीड किलोवॉटचा असला तर सोळा-सतरा तास. म्हणून टबाचे पाणी रोज तापवत नाहीत, तापलेले राखतात. राखण्याचा खर्च मुख्यतः झाकणावर ठरतो. पृष्ठभागावरून एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले की सुमारे दोन-तृतीयांश युनिट ऊर्जा सोबत घेऊन जाते. वर्ध्याच्या कोरड्या हिवाळी हवेत उघडा टब रात्रभर ठेवला तर बिलाचा आकडा कुठे जाईल, ते सांगायला नको. महावितरणच्या घरगुती दरात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांचे टप्पे आहेत, आणि टबाचे युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यात जाऊन पडतात. एका किमतीत कमी फवारे आणि जाड, घट्ट बसणारे झाकण मिळत असेल, तर डोळे मिटून झाकण घ्यावे.

छतावर सौरपॅनेल असतील तर चित्र बदलते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान आहे आणि विदर्भाच्या उन्हात असा संच दिवसाला सरासरी बारा-एक युनिट देतो. टबाच्या आधी पॅनेल, हा क्रम ज्या घराला परवडत नाही, त्या घराने मोठा टब पुढे ढकलावा. मीटरचा मंजूर भारही तपासून घ्यावा, कारण हिटर, पंप आणि विहिरीची मोटार एकदम चालली तर जुनी वायरिंग तग धरत नाही. पाण्यात बसलेल्या माणसाचा आणि विजेचा संबंध असल्याने चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी यांत काटकसर नाही म्हणजे नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होते. तपासणी तेव्हाच व्हावी.

टब ठेवायचा कुठे, हा प्रश्न वर्ध्यात इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. बहुतेकांच्या मनात गच्ची असते: चांदणे, मोकळी हवा, शेजाऱ्यांची नजर नाही. पण दोन मीटर लांब-रुंद टबात बाराशे किलो पाणी, दोन-अडीचशे किलो टबाचे, वर चार माणसे, असे सतराशे किलो चार चौरस मीटरवर उभे राहतात. म्हणजे चौरस मीटरला सव्वाचारशे किलोंच्या वर. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक संहिता साधारण दीडशे किलोंचा भार धरून आराखडा करायला सांगते. जवळजवळ तिप्पट! स्लॅब लगेच कोसळेल असे नाही, तडे जातील, पाणी झिरपेल, सळ्या गंजतील, आणि हे सगळे दोन-चार पावसाळ्यांत होईल. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय गच्चीवर टब चढवणे म्हणजे खाली झोपणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

अंगणात ठेवावा तर खाली काळी माती. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती कुंपणाच्या भिंती कशा वाकवते, हे हिंगणघाट-समुद्रपूरकडे कुणालाही विचारावे. तिच्यावर नुसती फरशी टाकून टब ठेवला तर वर्षभरात तो एका बाजूला कलतो आणि पाण्याचे सांधे ताणले जातात. काळी माती काढून, मुरूम भरून, धुम्मस करून, वर सळईचा काँक्रीट चौथरा घातल्याशिवाय टब मागवूच नये. या चौथऱ्याचा खर्च विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये कधी नसतो.

हे सगळे बिघडले तर पैसा जाईल. टबातले पाणी बिघडले तर माणूस जाऊ शकतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथल्या विक्रीच्या दालनात खळाळत्या पाण्याचे टब चालू करून ठेवले होते. त्यांतल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढले. तुषारांबरोबर ते हवेत पसरले, आणि टबात पाऊलही न टाकलेली, नुसती जवळून गेलेली माणसे न्यूमोनियाने आजारी पडली. तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली, किमान ३२ दगावले. लेजिओनेलाला २० ते ४५ अंशांचे पाणी मानवते. गरम पाण्याचा टब नेमका त्या पट्ट्यात असतो. म्हणून क्लोरीन दहा लाख भागांत किमान तीन भाग आणि पीएच ७.८ च्या आत, हे कागदी पट्टीने प्रत्येक वापराआधी तपासावे लागते. गाळणी धुवावी लागते. बुडण्याआधी साबणाने अंग धुणे आलेच. जपानी घरांत ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे: आधी बाहेर स्वच्छ आंघोळ, मग गरम पाण्याच्या टबात नुसते बसणे, आणि त्याच पाण्यात सगळे कुटुंब पाळीपाळीने. आपल्याकडे अभ्यंगस्नानाची हौस दांडगी. पण तेल माखलेले अंग या टबात चालणार नाही. घरात पट्टी तपासणारे एक जबाबदार माणूस नसेल, सत्तरीतले दोघेच राहत असतील आणि मुले लांब असतील, तर मोठा टब घेऊ नये. त्या दोघांना दर वेळी ताजे पाणी घेणारा बैठा टबच सुरक्षित.

तब्येतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पाणी ४० अंशांच्या वर नको. बसणे पंधरा-वीस मिनिटांचे. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा कमी-जास्त रक्तदाब असलेले, मधुमेहाने पायांची संवेदना गेलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना तर पाण्यात घेऊच नये, आणि झाकणाला कुलूप हवे. दारू पिऊन टबात बसणे जिवावर बेतते, गुंगी येऊन माणूस बुडतो.

आता राहिला ‘केव्हा’. जानेवारीत, कुडकुडत्या रात्री, मोबाइल हातात घेऊन टब मागवणे ही सगळ्यात वाईट वेळ. विचार करायचा महिना मे. पारा ४५ च्या पुढे असतो, बोअर खोल गेलेली असते, पाऊस कमी झालेल्या वर्षी नळाचे दिवसही लांबलेले असतात. त्या पाण्याचा कठीणपणा मोजावा, जमिनीच्या भेगा पाहाव्यात, टबाच्या जागेवर दुपारचे ऊन किती तास तळपते ते बघावे. हवा भरायच्या टबाचे प्लास्टिक त्या उन्हात फार उन्हाळे काढत नाही. आणि मार्च ते ऑक्टोबर टब रिकामा राहणार, हे मे महिन्यात जितके स्वच्छ दिसते तितके जानेवारीत दिसत नाही. एवढे पाहूनही मन ठाम राहिले तर पावसाळ्याआधी चौथरा, पाऊस सरल्यावर टब, दिवाळीला भरणा आणि होळीच्या आत रिकामा. विजा कडाडणाऱ्या महिन्यांत त्याची विजेची जोडणी तोडलेलीच असावी. खरेदी करताना नागपुरात सुटे भाग आणि दुरुस्तीला माणूस आहे का, आला तर किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्यावे. मुंबईहून तंत्रज्ञ बोलवायचा झाला तर एका पंपाच्या दुरुस्तीत हिवाळा संपतो. वर्षभर चालणारा, अनेक लाखांचा ॲक्रिलिकचा टब घेण्याचे कारण ज्या घराला आहे अशी घरे जिल्ह्यात फार नसतील. बाकीच्यांना घडी करून ठेवता येणारा छोटा टब पुरेसा.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट मात्र टोचत राहते. ज्या बाईच्या कंबरेपासून ही चर्चा सुरू होते, तिला यातला कोणताच टब परवडणारा नाही, चौथरा तर नाहीच. नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरच्या गरम झऱ्यांवर विदर्भातली माणसे त्वचारोग आणि अंगदुखी घेऊन पूर्वीपासून जातात. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे, सावंगीला मोठे रुग्णालय आहे, हिंगणघाट आणि आर्वीला उपजिल्हा रुग्णालये आहेत. यांतल्या प्रत्येक ठिकाणी भौतिकोपचार विभागाला जोडून सौरऊर्जेवर तापणारा, क्लोरीन नियमित तपासला जाणारा गरम पाण्याचा एक हौद आणि दहा-बारा बैठे टब उभे करणे ही जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्यातली गोष्ट आहे. तिथे पाण्याची तपासणी करायला माणूस पगारावर असेल, दांडी धरून उतरवायला परिचारिका असेल आणि रक्तदाब मोजूनच पाण्यात सोडतील. पुढच्या अर्थसंकल्पाच्या बैठका हिवाळ्यातच होतात. कारंजा, आष्टी, सेलू, देवळीच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रस्ताव त्या बैठकीत ठेवावा, आणि कापसाचा शेवटचा वेचा संपायच्या आत किमान एका ठिकाणी हौदाची जागा आखून व्हावी.